कारोलिना मोराचे: १०५ गोल आजच्या मापाने कसे वाचायचे?

नऊनंबरी (धागाकर्ता)

कारोलिना मोराचेचं नाव निघालं की गाडी थेट १९९९ च्या वितेर्बेझे क्लबवर जाते. पुरुषांच्या व्यावसायिक संघाची इटलीतली पहिली महिला प्रशिक्षक, आणि दोन लीग सामन्यांत राजीनामा. बातमी खरीच आहे. पण त्याआधी वीस वर्षं ही बाई फॉरवर्ड म्हणून खेळत होती आणि त्या वीस वर्षांबद्दल कुणी नीट बोलत नाही. हा धागा त्यासाठी.

आधी पक्के आकडे. जन्म ५ फेब्रुवारी १९६४, व्हेनिस. पहिला क्लब व्हेनिसच्या शेजारच्या स्पिनेआचा. १९७८ मध्ये चौदाव्या वर्षी युगोस्लाव्हियाविरुद्ध राष्ट्रीय संघात पदार्पण, तेही फॉरवर्ड बेत्ती विन्योत्तोची बदली खेळाडू म्हणून. इटलीसाठी १०५ गोल. सेरी आची, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगची, १२ विजेतेपदं. लीगमध्ये सर्वाधिक गोल करण्याचा मान १२ वेळा, त्यातला १९८८ ते १९९८ सलग ११ मोसम. लीगमधले एकूण गोल पाचशेच्या वर. २०१४ मध्ये इटालियन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिली महिला खेळाडू.

या सगळ्याचा तक्ता करतोय. प्रश्न असा की हे आकडे आज कसे वाचायचे? तेव्हाचा ऑफसाइड वेगळा, सामन्याची लांबी वेगळी, लीग हौशी. यातल्या कशाने तिचं काम सोपं झालं आणि कशाने अवघड, यावर जाणकारांनी लिहावं.

अडीचमात्रा

सुरुवातीलाच उच्चाराचं सांगून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको. मोरेस नाही, मोराचे. इटालियनमध्ये सी नंतर ई किंवा आय आलं की ‘च’ होतो. जी आणि एन जोडून आले की ‘न्य’, म्हणून विन्योत्तो. तिच्या क्लबांच्या नावांतही हेच: जी-एल-आय चा ‘ल्य’, म्हणून अल्याना. रेज्जानामध्ये ज दुहेरी. मोदेनात आघात पहिल्या अक्षरावर. स्कोअरलाइन शोधताना रोमन स्पेलिंगच लागेल, पण लिहिताना एवढं पाळलं तरी पुरे.

खातेवही

सामन्यांच्या संख्येवरून वाद होण्याआधी लिहितो. काही याद्यांत १५३ सामने दिसतील, काहींत १५०. गोल दोन्हीकडे १०५. म्हणजे सरासरी ०.६९ किंवा ०.७०. फरक नगण्य आहे, त्यावर वेळ घालवू नका.

जुन्या इटालियन नोंदी वाचताना खरी मेख दुसरीकडे आहे. महिलांची संघटना १९६८ मध्ये वियारेज्जोला स्थापन झाली, मग फुटली, पुन्हा जुळली आणि १९८६ मध्ये मुख्य फुटबॉल महासंघात आली. मोराचेची पहिली आठ वर्षं त्या वेगळ्या चुलीवरची. शिवाय ऐंशीच्या दशकात ‘मुंदियालितो’ नावाच्या निमंत्रितांच्या स्पर्धा होत. त्या फिफाच्या नव्हत्या, पण संघ राष्ट्रीयच उतरत. १९८४ चा मुंदियालितो इटलीने पश्चिम जर्मनीला हरवून जिंकला, आणि त्या संघाची कर्णधार रोझ रायली जन्माने स्कॉटिश होती! तक्ता करताना मुंदियालितोसाठी वेगळा रकाना ठेवा. युरो (युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा) आणि विश्वचषकाच्या रकान्यात ते गोल मिसळले की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

तक्त्यात एक गोष्ट ठळक दिसेल. विन्योत्तोचे ११० च्या आसपास सामन्यांत १०७ गोल, मोराचेचे १०५, आणि तिच्यानंतरच्या पात्रित्सिया पानिकोचे २०४ सामन्यांत ११०. विन्योत्तो १९७० मध्ये आली, पानिको २०१४ मध्ये थांबली. मोराचे पहिलीच्या जागी मैदानात आली आणि १९९७ च्या युरोत दुसरीच्या बरोबर खेळली. चव्वेचाळीस वर्षांत तीन फॉरवर्ड, तिघींची शंभरी, आणि एकीची कारकीर्द दुसरीत गुंतलेली. दुसऱ्या कुठल्या राष्ट्रीय संघाच्या आघाडीत अशी सलगता पटकन आठवत नाही.

आडवापास

लीगमधल्या गोलांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. एकच खेळाडू सलग ११ मोसम सर्वाधिक गोल करते, याचा अर्थ लीगमध्ये वरच्या आणि खालच्या संघांत फार मोठी दरी होती. तळातल्या संघांविरुद्ध सात-आठ गोल लागत असतील तर पाचशेचा आकडा फुगणारच. तिच्याबद्दल आदर आहे. पण लीगचे गोल आणि देशासाठीचे गोल एकाच तागडीत घालू नयेत.

लिबेरो_६

आडवापास, दरी होती हे मान्य. पण तेवढ्यावर थांबू नका. तेव्हाच्या फॉरवर्डसमोर नियमांची काय भिंत होती तेही पाहा.

पहिला मुद्दा ऑफसाइडचा. १९९० च्या उन्हाळ्यापर्यंत शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबर रेषेत असणं म्हणजे ऑफसाइड. ‘रेषेत असेल तर चालेल’ हा बदल १९९० चा. म्हणजे मोराचेची पहिली बारा वर्षं पास सुटताना निदान अर्धं पाऊल मागे राहण्यात गेली. वरवर पाहता अर्धं पाऊल किरकोळ वाटतं. पण बचावपटू तोंड वळवून पळायला लागेपर्यंत फॉरवर्डला जी आघाडी मिळते, ती तेवढीच असते. ती गेली की धाव सुरू करण्याची वेळच बदलावी लागते.

दुसरा, गोलकीपरकडे मागे पास. १९९२ पर्यंत सहकाऱ्याने पायाने दिलेला चेंडू कीपर सरळ हातात घेई. आजची फॉरवर्ड सेंटर-बॅकवर धावून जाते तेव्हा कीपरला घाईत लाथ मारावी लागते आणि अर्धे चेंडू परत मिळतात. तेव्हा धावून जाण्यात दमछाक व्हायची आणि हाती काही लागायचं नाही. गोल बॉक्समधल्या हालचालीतूनच काढावे लागत.

तिसरा, पाडापाडी. गोलकडे सुटलेल्या खेळाडूला पाडलं तर लाल कार्ड, हे नियमात १९९१ च्या सुमारास आलं. मागून येणाऱ्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड १९९८ मध्ये, म्हणजे ती थांबली त्याच वर्षी. पूर्ण कारकीर्द तिने टाचेवर लाथा खात काढली असं म्हटलं तरी चालेल.

आणि त्यावर इटालियन बचावाची घडी. एक बचावपटू अंगाला चिकटलेली, तिच्या मागे लिबेरो, म्हणजे कुणालाही न चिकटता राहणारी बचावपटू, मोकळी. एकीला चकवलं की दुसरी हजर. या दोघींच्या मधून गोल काढायचा तर क्रॉसवर (कडेवरून गोलसमोर मारलेल्या चेंडूवर) जवळच्या खांबाकडची धाव हे सगळ्यात खात्रीचं हत्यार. ती अशी घेतात:

विंगर चेंडू घेऊन कडेने निघाली की आधी दूरच्या खांबाकडे दोन-तीन पावलं सरकायचं, आणि तेही चिकटलेल्या बचावपटूच्या पाठीमागून. तिला आता चेंडू आणि फॉरवर्ड एकदम दिसत नाहीत. एकीकडे बघायचं तर दुसरीकडचं सोडावं लागतं. विंगरची मान खाली गेली, म्हणजे ती लाथ मारणार, त्याच क्षणी बचावपटूच्या पुढून कापत गोलसमोरच्या छोट्या चौकटीच्या जवळच्या कोपऱ्यावर पोचायचं. छोट्या चौकटीची रेषा गोलपासून साडेपाच मीटरवर आहे, तेव्हा इथे जोर लावायची गरज नाही. पायाची आतली बाजू किंवा कपाळ लावून चेंडूची फक्त दिशा बदलायची.

बिघडतं ते वेळेत. धाव लवकर निघाली की फॉरवर्ड खांबापाशी आधीच पोचून उभी राहते, मागची बचावपटू सावरून पुढे येते आणि चेंडू पाठीमागून निघून जातो. उशीर झाला तर लिबेरो अडवते. दुसरी चूक म्हणजे अंग पूर्ण विंगरकडे वळवून पळणं. मग गोल पाठीशी राहतो आणि चेंडू लागला तरी बाहेर जातो. खांदे अर्धे गोलकडे उघडे हवेत. हे सगळं अर्ध्या सेकंदाचं काम आहे आणि मोराचे ते वर्षानुवर्षं, बचावपटूंना पूर्ण ठाऊक असताना करत राहिली. लीग कमजोर होती म्हणून हे आपोआप जमत नाही.

आडवापास

बॅकपासचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पटला. तरी मोठ्या संघांविरुद्धचं चित्र कुणी मांडेल का? जर्मनी, नॉर्वे, इंग्लंड.

ज्यांगमन९१

विश्वचषकापासून सुरू करते. महिलांचा पहिला विश्वचषक, चीन, नोव्हेंबर १९९१. सामने ८० मिनिटांचे, ४०-४० चे दोन भाग. विजयाला दोन गुण.

इटलीचा पहिला सामना १७ नोव्हेंबरला ज्यांगमनमध्ये चायनीज तैपेईशी (म्हणजे तैवानशी). पंधराव्या मिनिटाला फेरागुत्सी, एकोणतिसाव्याला मार्सिलेत्ती. मग मोराचे ३७, ५२ आणि ६६ व्या मिनिटाला. ५-०. महिला विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक हीच, स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी. एक गोल मध्यंतराला तीन मिनिटं असताना आणि दोन नंतर, म्हणजे ८० मिनिटांच्या सामन्यात मधल्या २९ मिनिटांत तिन्ही.

‘तैपेईविरुद्ध काय, कुणीही मारेल’ असं कुणी म्हणायच्या आत: हाच तैपेई नायजेरियाला २-० हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेला. आणि त्याच नायजेरियाविरुद्ध इटलीला एकच गोल मिळाला, तोही मोराचेचा, ६८ व्या मिनिटाला. ८० मिनिटांच्या सामन्यात ६८ वं मिनिट म्हणजे आजचं सत्त्याहत्तरावं धरा. शून्य-शून्यवर अडकलेला सामना तिने सोडवला.

मग जर्मनीकडून ०-२. उपांत्यपूर्व फेरीत नॉर्वेशी २-२, इटलीची बरोबरी रीता ग्वारीनोने ८० व्या मिनिटाला केली, आणि जादा वेळेत तीना स्वेन्सनच्या पेनल्टीवर इटली बाहेर. (ही ग्वारीनो म्हणजे पुढे युव्हेंटसच्या महिला संघाला ओळीने चार विजेतेपदं मिळवून देणारी प्रशिक्षक.) मोराचेचे चार सामन्यांत चार गोल.

आणि तिचा विश्वचषक तिथेच संपला. १९९५ साठी इटली पात्र ठरली नाही, १९९९ येईपर्यंत ती थांबली होती. ज्या बाईने वीस वर्षं गोल केले तिच्या वाट्याला विश्वचषकाचे जेमतेम आठ दिवस आले. तिच्याबद्दल बोलताना सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते. स्पर्धाच तेव्हा सुरू झाली जेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

खातेवही

इंग्लंडचं मी देतो. ऑगस्ट १९९०, वेम्बली. पुरुषांच्या लिव्हरपूल-मँचेस्टर युनायटेड चॅरिटी शील्ड सामन्याच्या आधी महिलांचा इंग्लंड-इटली सामना. निकाल इटलीच्या बाजूने ४-१, चारही गोल मोराचेचे. लिबेरो_६ यांनी सांगितलेला ऑफसाइडचा बदल नुकताच लागू झाला होता हे लक्षात ठेवून पाहा.

अडीचमात्रा

युरोचं चित्र जास्त बोलकं आहे, कारण तिथे फालतू संघ नव्हतेच. अंतिम टप्प्यात तेव्हा चारच संघ असत आणि १९९७ पासून आठ झाले.

१९८७ मध्ये नॉर्वेत तिसरं स्थान, इंग्लंडला २-१ हरवून. गोल मोराचे आणि विन्योत्तोचे, दोन पिढ्या एका स्कोअरलाइनवर. १९८९ मध्ये झीगेनला पश्चिम जर्मनीशी १-१, मग पेनल्टी शूटआउट. जर्मन कीपर मारिओन इझबर्टने तीन पेनल्टी अडवल्या आणि निर्णायक पेनल्टी स्वतः मारली. १९९३ मध्ये इटलीत स्पर्धा. रिमिनीला त्याच जर्मनीशी पुन्हा १-१ आणि पुन्हा शूटआउट, यावेळी इटली वर. चेझेनाच्या अंतिम सामन्यात मात्र नॉर्वेकडून ०-१. घरच्या मैदानावर एका गोलाने गेलेला हा चषक इटलीला अजून मिळालेला नाही.

१९९७ ला ती ३३ वर्षांची. स्पर्धेत चार गोल, सर्वाधिक गोल करणाऱ्यांत नाव, आणि अंतिम सामन्यात ओस्लोला जर्मनीकडून ०-२. त्या दिवशी जर्मनीकडून गोल करणाऱ्यांत बिर्गिट प्रिन्त्स होती, वय १९. पुढची पंधरा वर्षं युरोपातल्या फॉरवर्ड्सचं माप तिच्यावरून ठरलं.

आडवापास, तुम्ही विचारलेलं उत्तर हे. मोठ्या संघांपुढे इटली काही वेळा एक गोलाने किंवा पेनल्टीवर हरली. सरासरी ०.७० ठेवून, समोर अशा बचावफळ्या असताना, हा आकडा फुगवलेला नाही.

धोबीघाट

कुणी क्लबांबद्दल लिहिलं नाही अजून. त्रानी, लात्सिओ, रेज्जाना, मिलान साल्वारानी, तोर्रेस, अल्याना, वेरोना, मोदेना. यादी बघून वाटतं की स्वभावाने चंचल असेल. तसं नाही.

इटलीचा १९८१ चा ९१ क्रमांकाचा कायदा व्यावसायिक खेळाडूला कामगार मानत होता. लेखी करार, पेन्शनचा हप्ता, अपघात विमा हे सगळं त्यात होतं. पण कोणता गट ‘व्यावसायिक’ हे ठरवणं महासंघाच्या हातात ठेवलं आणि महिला फुटबॉल हौशी गटातच राहिलं. हौशी म्हणजे पगार नाही, ‘खर्चाची भरपाई’. पेन्शन नाही, दुखापत झाली तर नोकरीचं संरक्षण नाही. क्लबचं पोट पुरस्कर्त्यावर. संघांच्या नावातच ते दिसतं: रेज्जाना झाम्बेल्ली, मिलान साल्वारानी, वेरोना गुंथर. हा मिलान म्हणजे आजचा एसी मिलान नव्हे बरं, नुसतं शहराचं नाव. पुरस्कर्त्याने हात काढला की संघ एका उन्हाळ्यात विरून जाई आणि चांगल्या खेळाडू जिथे पुढच्या वर्षाची तजवीज आहे तिथे एकगठ्ठा जात. म्हणून विजेत्यांच्या यादीत तेव्हा दर वर्षी-दोन वर्षांनी नवं गाव दिसतं.

हे लक्षात घेतलं की ११ मोसमांचा विक्रम वेगळा वाटू लागतो. दर एक-दोन मोसमांनी नवी विंगर, नवी मिडफिल्डर, क्रॉसची नवी उंची. लिबेरो_६ यांनी जी अर्ध्या सेकंदाची वेळ सांगितली, ती प्रत्येक नव्या विंगरबरोबर पुन्हा जुळवावी लागते. ते तिने वारंवार केलं. आणि याच काळात तिने कायद्याची पदवीही घेतली, कारण पायांवर म्हातारपण निघणार नव्हतं.

हा हौशीपणा संपला १ जुलै २०२२ ला. १९८१ ते २०२२, एकेचाळीस वर्षं.

आडवापास

धोबीघाट, हा प्रतिसाद वर पिन करायला हवा. माझा ‘कमजोर लीग’चा मुद्दा मी निम्मा मागे घेतो. तळाचे संघ कमजोर होते हे राहील. पण वरच्या संघात टिकून राहणं सोपं होतं असं आता म्हणणार नाही.

फातोर्डा_उत्तर

एक अवांतर. चायनीज तैपेईचं नाव आपल्याकडे २०२२ पासून ओळखीचं आहे. जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटीलवर महिला आशिया चषकात भारताचा सामना त्यांच्याशीच होता, कोविडमुळे संघ उभा राहिला नाही आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. त्याच वर्षी जूनमध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुली इटलीत ग्रादिस्काला खेळल्या आणि इटलीकडून ०-७ हरल्या. चौदाव्या वर्षी राष्ट्रीय संघात उतरणारी मुलगी ज्या व्यवस्थेतून १९७८ मध्ये निघाली, ती व्यवस्था पैशाने गरीब होती, पण गावोगाव क्लब होते. आपल्या मुलींच्या बाबतीत पहिली उणीव तिथेच आहे.

ज्यांगमन९१

प्रशिक्षक म्हणून थोडक्यात लिहिते, नाहीतर धागा तिकडे वाहून जाईल. वितेर्बेझे तेव्हा सेरी सी १ मध्ये, म्हणजे तिसऱ्या स्तरावर. अध्यक्ष लुचानो गाउच्ची, पेरुजाही त्यांचाच. दोन लीग सामन्यांनंतर अध्यक्षांनी तिच्या सहायक मंडळीत ढवळाढवळ सुरू केली आणि तिने पद सोडलं. निकाल वाईट म्हणून काढलं, असं जे लिहिलं जातं ते चूक.

२००० ते २००५ इटलीचा महिला संघ: दोन युरो, दोन्हीकडे गटातच बाहेर. २००५ मध्ये तिन्ही सामने हरले. इथे तिची बाजू घेण्यासारखं फारसं नाही. कॅनडात मात्र काम मोठं केलं, २०१० मध्ये कानकूनला मेक्सिकोला १-० हरवून कॉनकाकॅफ (उत्तर-मध्य अमेरिका विभाग) विजेतेपद. त्यानंतर संघटनेशी वाद, खेळाडू तिच्या बाजूने बहिष्काराची भाषा करू लागल्या, आणि २०११ च्या विश्वचषकात तिन्ही पराभव. २०१८-१९ मध्ये एसी मिलानचा महिला संघ पहिल्याच मोसमात तिसरा. २०२४ मध्ये युरोपियन संसदेत निवड.

लिबेरो_६

वितेर्बेझेबद्दल एकच पुरवणी. कोण सहायक ठेवायचा हे प्रशिक्षकानेच ठरवायचं असतं. ते सोडलं तर ड्रेसिंग रूममध्ये शब्दाला किंमत राहत नाही, मग प्रशिक्षक बाई असो की बुवा. दोन सामन्यांत निघून जाणं तिथे बरोबर होतं.

नऊनंबरी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. वरची माहिती धरून तक्ता दुरुस्त करतोय. रकाने असे: तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी, सामन्याची लांबी (८० की ९०), ऑफसाइडचा नियम (१९९० आधी की नंतर), बॅकपासचा नियम (१९९२ आधी की नंतर), स्पर्धेचा प्रकार. मुंदियालितो वेगळा. क्लबांच्या तक्त्यात पुरस्कर्त्याचं नाव स्वतंत्र रकान्यात, म्हणजे एकच संघ दोनदा मोजला जाणार नाही.

हॅटट्रिकच्या ओळीखाली आणखी एक ओळ जोडली आहे: रँस, २०१९, इटली ५ जमैका ०, क्रिस्तियाना जिरेल्ली तीन गोल. विश्वचषकात इटलीकडून दुसरी हॅटट्रिक, मोराचेनंतर अठ्ठावीस वर्षांनी, आणि स्कोअर तोच.

१९८९ आणि १९९३ च्या शूटआउटमध्ये कुणी कितवी पेनल्टी मारली, तो क्रम कुणाकडे लिहिलेला असेल तर द्या. तो रकाना रिकामा आहे.